मेम्ब्रेन बायोरिअ‍ॅक्टर आणि सांडपाण्यातील रोगजंतू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालवणारे, त्याची तांत्रिक निवड करणारे आणि प्रक्रिया केलेले पाणी पुन्हा वापरणारे अशा तिन्ही प्रकारच्या वाचकांकडून येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तेथे गैरसमजही तितकेच मोठे आहेत.

मेम्ब्रेन बायोरिअ‍ॅक्टर म्हणजे नेमके काय?

नेहमीच्या सक्रिय गाळ पद्धतीत टाकीतील जिवाणू सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ खातात, त्यांचे पुंजके तयार होतात, ते पुंजके निवळण टाकीत तळाशी बसतात आणि वरचे पाणी बाहेर काढले जाते. मेम्ब्रेन बायोरिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या एमबीआरमध्ये, पहिला टप्पा तसाच राहतो. बदलते ती गाळ आणि पाणी वेगळे करण्याची रीत. निवळण टाकीच्या जागी साधारण ०.०३ ते ०.४ मायक्रोमीटर छिद्रांचे मेम्ब्रेन, म्हणजे गाळणीसारखा पातळ पडदा, बसवतात आणि पाणी त्यातून ओढून घेतात. हे मेम्ब्रेन पोकळ तंतूंच्या जुडग्यांच्या किंवा सपाट पत्र्यांच्या (फ्लॅट शीट) स्वरूपात असते.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या पहिल्या रचनांमध्ये गाळमिश्रित पाणी टाकीबाहेरच्या मेम्ब्रेनमधून पंपाने वेगाने फिरवावे लागे आणि त्यासाठी लागणारी वीज परवडत नसे. १९८९ मध्ये जपानमधील काझुओ यामामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेम्ब्रेन थेट टाकीत बुडवून मंद ओढीने पाणी काढता येते हे दाखवले. आजची बहुतेक केंद्रे याच मार्गाने चालतात.

रोगजंतू काढण्याच्या बाबतीत तो निवळण टाकीपेक्षा सरस का मानला जातो?

निवळण टाकीचा भरवसा गाळ खाली बसण्यावर असतो. गाळ फुगला, तंतुमय जिवाणू वाढले किंवा पावसाच्या पाण्याचा लोंढा आला की पुंजके वाहून जातात आणि त्यांना चिकटलेले रोगजंतूही त्यांच्याबरोबर जातात. मेम्ब्रेनला गाळ बसतो की नाही याच्याशी कर्तव्य नसते. त्यामुळे टाकीत गाळाचे प्रमाण लिटरला ८ ते १२ ग्रॅम ठेवता येते, जे पारंपरिक टाकीत २ ते ४ ग्रॅमच्या आसपास असते, आणि गाळाचे वयही (म्हणजे टाकीतला त्याचा सरासरी मुक्काम) १५ ते ३० दिवसांपर्यंत वाढवता येते. हा दाट, वयस्क गाळ विषाणूंच्या बाबतीत किती उपयोगी पडतो, ते पुढे येईलच.

सांडपाण्यात कोणते रोगजंतू असतात आणि त्यांच्या आकाराचा काय संबंध?

चार गट ध्यानात ठेवले की पुरे. जंताची अंडी सर्वांत मोठी असतात. गोलकृमीचे अंडे ४५ ते ७५ मायक्रोमीटर लांबीचे भरते. त्यानंतर आदिजीवांच्या कोष्ठिका येतात : जिआर्डियाची ८ ते १२ मायक्रोमीटर आणि क्रिप्टोस्पोरिडियमची ४ ते ६ मायक्रोमीटर. जिवाणू साधारण अर्धा ते दोन मायक्रोमीटरचे असतात. या तिन्ही गटांना धड असलेल्या मेम्ब्रेनमधून पार होणे जवळपास अशक्य असते.

अडचण चौथ्या गटाची आहे. एंटेरोव्हायरस सुमारे ३० नॅनोमीटर, नोरोव्हायरस ३० ते ४० नॅनोमीटर, तर अ‍ॅडिनोव्हायरस ७० ते ९० नॅनोमीटर इतका असतो. ०.४ मायक्रोमीटर म्हणजे ४०० नॅनोमीटर. छिद्राच्या एक दशांशाहून लहान कण त्यातून सरळ निघून जायला हवा, असे कोणालाही वाटेल.

मग छिद्रापेक्षा लहान असूनही विषाणू अडतात कसे?

कारण एमबीआरमध्ये गाळण्याचे काम एकटे मेम्ब्रेन करत नाही. निदान चार गोष्टी एकाच वेळी घडत असतात, आणि त्यांचे परस्परांतील प्रमाण विषाणूनुसार, गाळानुसार आणि मेम्ब्रेनच्या अवस्थेनुसार बदलते.

पहिली गोष्ट म्हणजे चिकटणे. विषाणू सांडपाण्यात नेहमी सुटे तरंगत नाहीत; त्यांच्यापैकी मोठा हिस्सा गाळाच्या पुंजक्यांना आणि जिवाणूंनी सोडलेल्या चिकट पदार्थांना धरून असतो. पुंजका छिद्रातून जात नाही, म्हणून विषाणूही जात नाही. कोणता विषाणू किती चिकटतो हे त्याच्या आवरणाच्या विद्युतभारावर आणि जलविरोधी स्वभावावर अवलंबून असते, त्यामुळे एकाच टाकीत दोन विषाणूंचे आकडे बरेच वेगळे येऊ शकतात.

दुसरी गोष्ट म्हणजे मेम्ब्रेनवर बसणारा थर. पाणी ओढायला सुरुवात झाल्यावर मेम्ब्रेनच्या पृष्ठभागावर गाळाचा आणि चिकट पदार्थांचा लेप चढतो आणि काही छिद्रे आतून अरुंद होतात. रस गाळताना फडक्यावर चोथा साचला की पुढचा रस अधिक नितळ उतरतो, तसाच हा प्रकार आहे. हा लेप स्वतःच एक बारीक गाळणी बनतो आणि सुट्या विषाणूंनाही अडवतो. केंद्र चालवणाऱ्याला हाच लेप डोकेदुखी वाटतो, कारण त्यामुळे दाब वाढतो आणि पाणी कमी मिळते. विषाणूंच्या दृष्टीने मात्र तो पूर्ण धुऊन काढणे फारसे हिताचे नसते.

तिसरी गोष्ट म्हणजे जैविक नाश. गाळातील सूक्ष्म आदिजीव जिवाणू आणि विषाणू गिळतात, जिवाणूंची विकरे विषाणूंचे प्रथिन-आवरण तोडतात, आणि काही रोगजंतू यजमान शरीराबाहेर आपोआपच निष्क्रिय होतात. पुंजक्याला चिकटलेला विषाणू गाळाबरोबर कित्येक दिवस टाकीत फिरत राहतो, त्यामुळे या नाशाला पुरेसा अवधी मिळतो.

चौथी गोष्ट म्हणजे निव्वळ छिद्राच्या आकाराने अडणे. विषाणूंच्या बाबतीत ते अल्ट्राफिल्ट्रेशन श्रेणीच्या बारीक मेम्ब्रेनमध्येच काही प्रमाणात घडते. विक्रीपत्रकावर छापलेला छिद्राचा आकार हा नाममात्र आकडा असतो; प्रत्यक्ष मेम्ब्रेनमध्ये त्याहून लहान आणि मोठी अशी दोन्ही छिद्रे असतात. केवळ तो आकडा पाहून विषाणूंबद्दल निष्कर्ष काढणारा प्रस्ताव समोर आला, तर त्याच्या बाकीच्या पानांकडेही संशयानेच पाहावे.

‘लॉग घट’ म्हणजे काय? टक्केवारीत का सांगत नाहीत?

आत येणारी संख्या भागिले बाहेर जाणारी संख्या, आणि त्या भागाकाराचा दहा-पायाचा लॉगरिदम, म्हणजे लॉग घट. एक लॉग म्हणजे ९० टक्के, दोन म्हणजे ९९, तीन म्हणजे ९९.९ आणि सहा म्हणजे ९९.९९९९ टक्के.

टक्केवारीने दिशाभूल होते ती अशी. कच्च्या सांडपाण्यात १०० मिलिलिटरमागे ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूंची संख्या १ कोटी धरली, तर ९९ टक्के घट झाल्यावरही १ लाख जिवाणू उरतात. आकडा ऐकायला भव्य, पाणी तसेच अस्वच्छ. सहा लॉग घट झाली तर १० उरतात. रोगजंतूंच्या बाबतीत किती काढले यापेक्षा किती उरले हे महत्त्वाचे असते, आणि लॉगची भाषा नजर तेथेच खिळवून ठेवते. शिवाय एकामागून एक येणाऱ्या आणि एकमेकांवर अवलंबून नसलेल्या प्रक्रियांच्या लॉग घटी सरळ बेरजेने मोजता येतात.

प्रत्यक्षात एमबीआरमध्ये किती लॉग घट मिळते?

पारंपरिक सक्रिय गाळ पद्धतीत जिवाणूंसाठी साधारण एक ते दोन लॉग आणि विषाणूंसाठी एक लॉगच्या आसपास घट मिळते. नीट चाललेल्या एमबीआरमध्ये सूचक जिवाणूंची, म्हणजे विष्ठेचा अंश ओळखण्यासाठी मोजल्या जाणाऱ्या ई. कोलायसारख्या जिवाणूंची, घट पाच ते सहा लॉगपर्यंत, कधी त्याहूनही अधिक नोंदवली जाते. विषाणूंचा पल्ला मात्र फार मोठा आहे : काही मोजमापांत जेमतेम दीड लॉग, तर काहींत पाचाच्या पुढे.

नियोजनात यांतला सर्वोत्तम आकडा धरणे धोक्याचे असते. ऑस्ट्रेलियात वॉटरव्हाल या जलप्रक्रियांच्या प्रमाणीकरण कार्यक्रमाअंतर्गत २०१७ मध्ये एमबीआरची जी प्रमाणीकरण पद्धत आली, तिच्या प्राथमिक स्तरावर केंद्राला स्वतंत्र चाचण्यांविना विषाणूंसाठी १.५, आदिजीवांसाठी २ आणि जिवाणूंसाठी ४ लॉग एवढेच श्रेय, म्हणजे मान्य धरली जाणारी घट, मिळते, तेही संचालनाच्या ठरावीक मर्यादा पाळल्या तरच. गाळाचे वय, टाकीतील पाण्याचा मुक्काम, तापमान, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, फ्लक्स (मेम्ब्रेनच्या ठरावीक क्षेत्रफळातून तासाला निघणारे पाणी) आणि गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा अशा गोष्टी त्या मर्यादांत येतात. उपलब्ध नोंदींच्या खालच्या टोकाला हे आकडे बसवलेले आहेत. मला ही वृत्ती योग्य वाटते, कारण पाणी वापरणाऱ्याचा संबंध सरासरी दिवसाशी कमी आणि वाईट दिवसाशी जास्त येतो.

पाणी काचेसारखे नितळ दिसते. मग ते सुरक्षित मानायचे का?

नाही. नितळपणा गढूळपणाविषयी सांगतो. विषाणू डोळ्यांना दिसत नाहीत आणि गढूळपणा मोजणाऱ्या यंत्रालाही जाणवत नाहीत.

नव्या किंवा नुकत्याच धुतलेल्या मेम्ब्रेनमधून विषाणू जास्त जातात, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि वर सांगितलेल्या लेपामुळेच ते घडते. ठरावीक काळाने सोडियम हायपोक्लोराइटच्या काहीशे मिलिग्रॅम प्रतिलिटर द्रावणाने हलकी स्वच्छता करतात. दाब फार वाढला की हजार ते दोन हजार मिलिग्रॅमच्या तीव्र द्रावणात मेम्ब्रेन भिजवून ठेवतात आणि क्षारांसाठी सायट्रिक आम्ल वापरतात. त्यानंतर पृष्ठभाग उघडा पडतो आणि लेप पुन्हा तयार होईपर्यंत विषाणूंची घट कमी झालेली दिसते. जिवाणूंच्या बाबतीत हा फरक किरकोळ असतो. मेम्ब्रेनची छिद्रे जितकी मोठी, तितका लेपावरचा भरवसा जास्त आणि स्वच्छतेनंतरची घसरणही जास्त.

उपाय साधा आहे : मोठ्या स्वच्छतेनंतरचे पहिले पाणी पुनर्वापराच्या टाकीत न सोडता प्रक्रियेच्या सुरुवातीला परत पाठवावे, आणि एकाच दिवशी मेम्ब्रेनच्या सर्व रांगा (समांतर चालणारे संच) धुऊ नयेत. हायपोक्लोराइटचा अतिवापरही टाळावा. प्रत्येक मेम्ब्रेन आयुष्यभरात किती क्लोरिन सोसू शकते याची मर्यादा उत्पादक देतो. ती ओलांडली की मेम्ब्रेन ठिसूळ होते आणि मग प्रश्न लेपाचा न राहता भोकाचा होतो.

मेम्ब्रेन फाटले किंवा तंतू तुटला तर काय होते? ते कळते कसे?

आधी हिशेब पाहू. एकूण पाण्याच्या हजारातला एक भाग जरी न गाळता पलीकडे गेला, तरी उरलेले मेम्ब्रेन कितीही उत्तम असो, एकूण घट तीन लॉगच्या वर जाऊ शकत नाही. शंभरातला एक भाग गेला तर मर्यादा दोन लॉग.

वेळेचा हिशेब याहून कठोर आहे. समजा, एखादे केंद्र दिवसाचे २३ तास पाच लॉग घट देते आणि एक तास बिघाडामुळे फक्त एक लॉग देते. दिवसाची सरासरी चारच्या पुढे असेल असे मनात येते. प्रत्यक्षात त्या एका तासात पार झालेले रोगजंतू बाकीच्या २३ तासांच्या कितीतरी पट असतात आणि दिवसभराची परिणामकारक घट सुमारे २.४ लॉग एवढीच भरते. बिघाड किती खोल आहे याइतकेच तो किती लवकर लक्षात आला हेही निर्णायक का ठरते, ते यावरून दिसते.

एमबीआरची एक जमेची बाजू अशी की पोकळ तंतू तुटला तर त्याचे उघडे तोंड बरेचदा टाकीतील दाट गाळानेच काही काळात बुजते. पण यावर विसंबून राहणे बरे नव्हे; सपाट पत्र्याची शिवण उसवली किंवा पाइपच्या जोडावरची रबरी कडी निसटली तर तेथे काही बुजत नाही.

ओळखण्याचा रोजचा मार्ग म्हणजे गाळलेल्या पाण्याच्या गढूळपणाचे सतत मोजमाप. धड मेम्ब्रेनचे पाणी ०.२ एनटीयूच्या (एनटीयू हे गढूळपणाचे एकक) खाली राहते. कॅलिफोर्नियाच्या पुनर्वापर नियमांत मेम्ब्रेनसाठी हीच रेघ आहे : २४ तासांतील ५ टक्क्यांहून अधिक काळ ०.२ एनटीयू ओलांडता येत नाही आणि ०.५ एनटीयू तर कधीच नाही.

मात्र मापक कोठे बसवला आहे ते जरूर पाहावे. दहा रांगांचे पाणी एकत्र झाल्यावर एकच मापक असेल, तर एका रांगेतील फाटलेला पत्रा नऊ रांगांच्या स्वच्छ पाण्यात लपून जातो. प्रत्येक रांगेला स्वतंत्र मापक हवा. दुसरी गोम अशी की एमबीआरमधील पाणी ओढीखाली असते, म्हणून त्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने सुटते आणि मापक बुडबुड्यांनाच गढूळपणा समजतो. असे खोटे इशारे वारंवार आले की कर्मचारी इशाऱ्याची मर्यादा वाढवून ठेवतात किंवा तो बंदच करतात. मापकाच्या आधी बुडबुडे काढणारी छोटी कुपी बसवली तर हा खेळ थांबतो, आणि मला तरी हा खर्च साऱ्या केंद्रातला सर्वांत किफायतशीर वाटतो.

पिण्याच्या पाण्याच्या मेम्ब्रेनवर हवेचा दाब देऊन तो किती उतरतो हे पाहणारी दाब-क्षय चाचणी सर्रास केली जाते. एमबीआरमध्ये ती तितकीशी रुळलेली नाही. अनेक मेम्ब्रेन, विशेषतः सपाट पत्रे, आतून तेवढा दाब सोसत नाहीत, आणि गाळाने बुजलेली छिद्रे निकालाला फसवा चांगुलपणा देऊ शकतात.

गाळलेल्या पाण्यात कोलिफॉर्म सापडले. मेम्ब्रेन फाटले असेच समजायचे का?

लगेच नाही. कोलिफॉर्म हा जिवाणूंचा मोठा गट आहे; ई. कोलाय त्यातलाच, पण विष्ठेशी निगडित. मेम्ब्रेनच्या पलीकडची बाजू, तिला जोडलेले पाइप आणि साठवण टाकी निर्जंतुक नसतात. तेथे जिवाणूंचा बुळबुळीत थर जमतो, जिवाणू वाढतात आणि नमुन्यात उतरतात. नमुना घेण्याची तोटी हीच कित्येकदा खरी दोषी असते.

फरक ओळखण्यासाठी आधी त्या वेळची गढूळपणाची नोंद पाहावी, ती ०.१ एनटीयूच्या आसपास स्थिर असेल तर फाटण्याची शक्यता कमी. नंतर तोटी निर्जंतुक करून, काही मिनिटे पाणी वाहू देऊन, प्रत्येक रांगेचा वेगळा नमुना घ्यावा. सर्व रांगांत थोडे थोडे जिवाणू आढळले आणि त्यांत एकूण कोलिफॉर्म जास्त व ई. कोलाय नगण्य असतील, तर पाइपमधील वाढीचा संशय बळावतो. एकाच रांगेत संख्या जास्त आणि ई. कोलायही हजर असेल, तर त्या रांगेची मेम्ब्रेन बाहेर काढून तपासणे भाग आहे. पाइपमधील वाढ असल्यास गाळलेल्या पाण्याच्या बाजूने क्लोरिनचे द्रावण फिरवल्यावर संख्या पडते. फाटले असल्यास ती लगोलग परत येते.

एमबीआरनंतर निर्जंतुकीकरण लागतेच का?

माणसांचा संपर्क येणाऱ्या कोणत्याही वापरासाठी लागते. एमबीआर विषाणूंच्या बाबतीत चांगला अडथळा आहे, शेवटचा नव्हे. त्याचा मोठा उपकार असा की पुढच्या निर्जंतुकीकरणाचे काम तो सोपे करतो : तरंगते कण नसल्यामुळे रोगजंतूंना आडोसा मिळत नाही आणि अतिनील किरण पाण्यात खोलवर पोहोचतात.

क्लोरिन वापरावे की अतिनील किरण?

दोघांच्या कमकुवत बाजू वेगवेगळ्या असल्यामुळे उत्तर वापरावर अवलंबून राहते.

क्रिप्टोस्पोरिडियमला क्लोरिन जवळपास जुमानत नाही. अतिनील किरणांपुढे मात्र तो सहज निष्प्रभ होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २००६ च्या पेयजल नियमांत क्रिप्टोस्पोरिडियमच्या चार लॉग निष्क्रियतेसाठी प्रति चौरस सेंटिमीटर २२ मिलिज्यूल मात्रा पुरेशी मानली आहे, तर विषाणूंच्या तेवढ्याच घटीसाठी १८६ मिलिज्यूल. हा मोठा आकडा अ‍ॅडिनोव्हायरसमुळे आला आहे : त्याचा जनुकीय धागा दुहेरी डीएनएचा असल्यामुळे किरणांनी झालेली इजा तो यजमान पेशीच्या यंत्रणेकडून दुरुस्त करून घेतो.

क्लोरिनची गोष्ट उलटी आहे. मुक्त क्लोरिन विषाणूंवर उत्तम चालतो, पण पाण्यात अमोनिया असेल तर आधी क्लोरामाइन बनते आणि ते विषाणूंवर फारच मंद असते. अमोनियातील प्रत्येक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे ८ ते १० मिलिग्रॅम क्लोरिन खर्ची पडल्यानंतरच मुक्त क्लोरिन उरू लागतो. गाळाचे वय जास्त असल्यामुळे एमबीआरमध्ये अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर सहसा पूर्ण होते, आणि म्हणून मुक्त क्लोरिन मिळवणे जमते. पण एखाद्या रात्री टाकीला हवा पुरवणारा ब्लोअर बंद पडून अमोनिया वाढला, तर क्लोरिनची मात्रा तीच असूनही विषाणूंवरचा परिणाम कोसळतो. मापकावर एकूण क्लोरिन तेवढाच दिसत राहतो, त्यामुळे ही चूक कोणाच्या लक्षात येत नाही.

लांब पाइपमधून पाणी जाणार असेल तर अतिनील किरणांनंतरही थोडा अवशिष्ट क्लोरिन ठेवावा लागतो. जेथे दोन्ही परवडते, तेथे दोन्ही असावेत.

कोणत्या वापरासाठी किती घट लागते?

नियम देशागणिक वेगळे आहेत. काही प्रातिनिधिक आकडे दिशा दाखवतात. युरोपीय संघाचा पुनर्वापर नियम २०२०/७४१ हा २६ जून २०२३ पासून लागू झाला. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या आणि पाण्याचा थेट स्पर्श होणाऱ्या पिकांसाठी असलेल्या ‘अ’ वर्गात १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय १० किंवा कमी असावेत, आणि प्रक्रियेच्या प्रमाणीकरणात ई. कोलायची ५ लॉग व कोलिफेजची (ई. कोलायसारख्या जिवाणूंना लागण करणारे विषाणू) ६ लॉग घट दाखवावी, अशी त्याची अट आहे. सिंचनासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचना लिटरमागे जंताचे एक अंडे ही कमाल मर्यादा सांगतात. धड मेम्ब्रेनला ती अजिबात जड नाही.

पिण्यासाठी अप्रत्यक्ष पुनर्वापर करताना कॅलिफोर्नियात भूजल भरणासाठी विषाणू, जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम यांची अनुक्रमे १२, १० आणि १० लॉग घट अपेक्षित आहे. २०२४ मध्ये अमलात आलेल्या थेट पुनर्वापराच्या नियमांत हेच आकडे २०, १४ आणि १५ झाले. भूजल भरणाच्या नियमांत एक सूचक अट आहे : कोणत्याही एका प्रक्रियेला सहा लॉगपेक्षा जास्त श्रेय मिळत नाही. सारी भिस्त एका यंत्रावर ठेवू नये, हेच नियमकर्त्यांनी आकड्यांत बांधले आहे. असे आकडे एमबीआर, रिव्हर्स ऑस्मोसिस आणि अतिनील किरण अशी साखळी उभी केली तरच गाठता येतात.

संचालनात कोणत्या गोष्टी सांभाळल्या तर रोगजंतूंची घट टिकते?

सर्वांत आधी बारीक जाळी. तंतूंच्या मेम्ब्रेनसाठी १ ते २ मिलिमीटर आणि सपाट पत्र्यांसाठी ३ मिलिमीटरपर्यंतची जाळी हवी. केस आणि कापडाचे धागे जाळीतून निसटले की तंतूंच्या बुडाशी त्यांचे दोरखंड वळले जातात, आणि त्यांच्या घासण्यानेच तंतू झिजतात. रोगजंतूंच्या चर्चेत जाळीचे नाव क्वचित निघते, पण मेम्ब्रेनच्या बहुतेक जखमा तेथूनच सुरू होतात.

त्यानंतर गाळाचे वय आणि प्रमाण स्थिर ठेवणे, विरघळलेला ऑक्सिजन तुटू न देणे आणि फ्लक्स आखलेल्या मर्यादेत ठेवणे. लोंढ्याच्या वेळी जास्तीचे पाणी ओढण्याचा मोह होतो. ते समतोल टाकीत साठवणे शहाणपणाचे. मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरकाची नोंद रोज पाहावी : तो अचानक वाढला तर मेम्ब्रेन तुंबले आहे, आणि कारण नसताना अचानक उतरला तर ते अधिक काळजीचे आहे.

मग अडवलेले रोगजंतू जातात कोठे?

बरेचसे गाळात. काही तेथेच नष्ट होतात, पण जंताची अंडी आणि आदिजीवांच्या कोष्ठिका दीर्घकाळ तग धरतात. मेम्ब्रेन जितके चांगले, तितका टाकीतून काढलेला गाळ अधिक जपून हाताळावा लागतो. तो शेतात वापरायचा असेल तर खत करताना बंद पात्रात ५५ अंश सेल्सिअस तापमान किमान तीन दिवस टिकवणे, उष्ण अवायुजीवी पचन किंवा चुन्याची प्रक्रिया असे मार्ग आहेत. ब्लोअरने ढवळलेल्या टाकीवरून उडणारे तुषारही याच गाळाचे असतात, म्हणून टाकीजवळ काम करणाऱ्यांनी मुखपट्टी आणि हातमोजे वापरणे सोडू नये.

प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू आणि त्यांची जनुके एमबीआर काढतो का?

जिवाणू काढतो, कारण ते आकारानेच अडतात, आणि त्यांच्या शरीरातील जनुकेही त्यांच्याबरोबर अडतात. मेलेल्या पेशींतून सुटलेला मोकळा डीएनए मात्र छिद्रांतून जाऊ शकतो. एकूण प्रमाण पारंपरिक प्रक्रियेपेक्षा कमी होते, पण शून्य होत नाही.

ई. कोलाय आढळले नाही, म्हणजे विषाणूही नाहीत असे म्हणता येईल का?

एमबीआरच्या बाबतीत तर अजिबात म्हणता येणार नाही. ई. कोलाय मेम्ब्रेनच्या छिद्रापेक्षा मोठा आहे, विषाणू लहान. पहिल्याची गैरहजेरी दुसऱ्याविषयी काहीच सिद्ध करत नाही. म्हणून विषाणूंसाठी जिवाणूभक्षी विषाणू, म्हणजे कोलिफेज, मोजतात. ते माणसाला निरुपद्रवी असतात, सांडपाण्यात नैसर्गिकरीत्याच भरपूर सापडतात आणि त्यांची चाचणी मानवी विषाणूंच्या चाचणीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

प्रयोगशाळेत वाढवलेले एमएस-२ नावाचे कोलिफेज (थोडक्यात फेज) टाकीत ओतून चाचणी घेण्याची पद्धतही आहे, परंतु बाहेरून टाकलेले सुटे फेज आणि मूळचे गाळाला चिकटलेले फेज यांचे वागणे सारखे नसते. शक्य असेल तेथे मूळचेच मोजावेत.

अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहिले असेल, तर ते कसे वाचावे?

किती पाणी तपासले हे विचारून. समजा, गाळलेल्या पाण्याचा १० लिटरचा नमुना तपासला आणि त्यात क्रिप्टोस्पोरिडियमची एकही कोष्ठिका मिळाली नाही. याचा अर्थ प्रमाण ढोबळमानाने लिटरमागे ०.१ पेक्षा कमी आहे, इतकाच. कच्च्या सांडपाण्यात लिटरमागे १,००० कोष्ठिका असतील तर निदान चार लॉग घट दाखवता आली. तेथे १० च असतील तर तेवढ्याच कष्टात फक्त दोन लॉग. दोन्ही अहवालांत शब्द तेच. म्हणून तपासलेले आकारमान, कच्च्या पाण्यातील त्याच काळातील संख्या आणि नमुन्यातून रोगजंतू परत मिळवण्याचे प्रयोगशाळेचे प्रमाण, हे तिन्ही आकडे अहवालात छापून मागावेत, आणि घट ‘इतकी’ असे न लिहिता ‘किमान इतकी’ असे लिहावे.